‘बेजार’ शब्दाचे दोन अर्थ आणि तुमची लेक

खानापूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बेळगावात मानसशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑनलाइन आधारगटांत अनोळखी माणसं एकमेकांना दुःख सांगतात, त्यानं त्यांना खरंच बरं वाटतं का, यावर तिला संशोधन करायचंय. ‘यात पोट भरेल का, की बीएडला घालू?’ असं ते विचारतात.

नमस्कार. बीएडची घाई नको. तिचा प्रश्न खरा आहे आणि अवघडही. गटात लिहिणारा माणूस तीन महिन्यांत सावरला, तर तो गटामुळे, गोळ्यांमुळे, की नुसता काळ गेल्यामुळे? ज्यांना बरं वाटलं ते गट सोडून जातात, मग उरलेल्यांवरून काय ठरवायचं? नुसतं वाचून जाणारे तर हिशेबातच येत नाहीत. मदत करणाऱ्यालाही त्यातून बळ मिळतं, हे फ्रँक रीसमन या अमेरिकी अभ्यासकानं १९६५ सालीच मांडलं होतं. ही सगळी कारणं वेगळी काढायला संख्याशास्त्रच लागतं, म्हणून तिला ते टाळू देऊ नका.

घरी मराठी, बाहेर कन्नड, हे तिचं मोठं भांडवल आहे. ‘बेजार’ हा शब्दच बघा. आपण त्रासून थकलो की बेजार होतो. कन्नडात ‘बेजारु’ म्हणजे कंटाळा, कधी मन दुखावणं. इंग्रजी प्रश्नावलीच्या भाषांतरात हा फरक हरवतो. ‘करमत नाही’, ‘जीव घाबरा होतो’ हे बोल कानावर पडलेली संशोधकच तो ओळखेल.

मात्र लोकांचं दुःख गुपचूप उचलून प्रबंधात घालता येत नाही. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमतीही हवी. वाक्य जसंच्या तसं छापलं, तर इंटरनेटवर ते शोधून मूळ लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचता येतं. कुणी मध्यरात्री जीव द्यायचं लिहिलं तर काय करायचं, हेही आधीच ठरवावं लागतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्याजवळ असू द्या.

पुढे एमए, नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, मग पीएचडी. नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना दरमहा पैसे येतात, पण वाट लांब आहे, सहा-सात वर्षं धरून चला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होऊन उपचार करायचे असतील तर रस्ता वेगळा: भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि नोंदणी. त्याची चौकशी धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत करा, तुम्हाला ते जवळ आहे.

एक विचारतो, राग मानू नका. ती स्वतः अशा गटात लिहिते का? जवळ बसून विचारा. लिहीत असेल तर आधी तिची झोप, जेवण, मन कसं आहे ते बघा. एमएच्या अर्जाचं पुढच्या महिन्यात बोलू.