निवासी डॉक्टर म्हणून रुजू होताना

आपण सोलापुरात निवासी डॉक्टर म्हणून रुजू होत आहात, म्हणून माझ्या दिवंगत सरांनी मला जे शिकवले तेच आपल्या हाती देतो. त्यांचे ऋण मानण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही. जुना खोकला घेऊन रुग्ण आला, की एक्स-रे मागवण्याआधी त्याचा व्यवसाय विचारा, कारण सूतगिरणीत कापसाच्या धुळीत राबलेली आणि विड्या वळण्यात आयुष्य गेलेली माणसे या शहरात घरोघरी आहेत. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि पुढे त्रास ओसरत जातो, असे गिरणी कामगाराने सांगितले, तर बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची शंका घ्या. मात्र क्षयरोगासाठीची थुंकीतपासणी तरीही टाळू नका. सर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक आजीबाईंशी तेलुगूत बोलत आणि स्टेथोस्कोपची चकती तळहातावर चोळून कोमट झाल्यावरच पाठीला लावत. (तेलुगू आणि कन्नडमधले चार प्रश्न तरी आपणही लवकर शिकून घ्या.) केसपेपरवर व्यवसायाचा रकाना रिकामा दिसला, तर सर तो न रागावता परत पाठवत, आपणही इंटर्नकडून तो रोज भरून घ्या.