आजोबांची बोट कुठे गेली?

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात आमचे स्तंभलेखक, माझगावचे एक निवृत्त मरीन इंजिनिअर.)

प्रश्न : माझे आजोबा १९५५ साली 'स्ट्रॅथमोर' बोटीने विलायतेला शिकायला गेले होते. बोटीवरचं मेन्यूकार्ड आजीने ट्रंकेत जपलं होतं, ते आता माझ्याकडे आलं आहे. ती बोट अजून कुठे आहे का? असली तर एकदा पाहायची आहे.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, ती बोट राहिली नाही. १९६९ साली इटलीतल्या ला स्पेझिया बंदरात ती तोडली. पण त्याआधीचं तिचं आयुष्य तुम्हाला ठाऊक असावं असं मला वाटतं.

१९३५ साली इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेसच्या गोदीत ती पाण्यात उतरली. २३ हजार टनांहून जास्त, अंग पांढरंशुभ्र, वर एकच पिवळसर धुराडं. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या या 'स्ट्रॅथ' बोटी पाच होत्या आणि मुंबईकर त्यांना ओळखत. १९६३ साली ती एका ग्रीक मालकाला विकली गेली, नाव पडलं 'मारिआना लात्सी', आणि ती जेद्दाला हाजींची ने-आण करू लागली. म्हणजे तुमचे आजोबा ज्या डेकवर उभे राहिले असतील, तिथे पुढे यात्रेकरू वळकट्या टाकून बसले. १९६६मध्ये मालकाने तिचं आणि तिची बहीण 'स्ट्रॅथेडन' (तेव्हाची 'हेनरिएटा लात्सी') हिचं नाव अदलाबदल केलं. जुन्या नोंदी शोधायला गेलात तर हे लक्षात ठेवा, नाहीतर भलत्याच बोटीचा माग काढत बसाल.

ती विकली, पण ती काही फुटकी नव्हती. एअर इंडियाचं मुंबई-लंडन विमान १९४८लाच सुरू झालं होतं, १९६०मध्ये बोइंग ७०७ आलं, आणि दोन-अडीच आठवड्यांचा प्रवास एका दिवसाच्या आत आला. मग तिकीट काढून बोटीत कोण बसणार?

बोटीचा शेवट कसा होतो ते मी जवळून पाहिलं आहे. १९९४ साली आम्ही एक जुनी बोट अलंगला, गुजरातमधल्या बोटी तोडायच्या किनाऱ्यावर, घेऊन गेलो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, म्हणून पौर्णिमा-अमावास्येचं उधाण साधायचं. वरून इंजिनरूमच्या टेलिग्राफवर हुकूम आला 'फुल अहेड', आणि मी आयुष्यभर बोट किनाऱ्यापासून लांब ठेवायला शिकलेला माणूस, तिला पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घालत होतो. तळ चिखलात घुसला तेव्हा धक्का असा बसलाच नाही. नुसता एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला आणि बोट थांबली. मुख्य इंजिन बंद केलं, शेवटी जनरेटर. बोटीवर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आमचा तेलवाला खलाशी, रत्नागिरीकडचा, इंजिनावर हात ठेवून उभा राहिला. मीही ठेवला. इंजिन अजून गरम होतं.

मग गॅस कटर घेऊन माणसं चढतात. आधी सामानसुमान निघतं, मग पत्रे कापतात, आणि बरेचसे रिरोलिंग मिलमध्ये जाऊन घरबांधणीच्या सळ्या होतात. प्रवासी बोट तोडायला जास्त किचकट असते, कारण तिच्यात लाकूड, वायरिंग, शेकडो केबिनींचे पडदे-भिंती, आणि जुन्या बोटींत अॅस्बेस्टॉस (उष्णता अडवणारं तंतूंचं खनिज). फ्रान्सची प्रसिद्ध 'फ्रान्स' बोट (नंतरची 'नॉर्वे') २००६मध्ये अलंगला आली, तेव्हा याच अॅस्बेस्टॉसवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तो प्रश्न रास्तच होता. ती धूळ त्या कामगारांच्या छातीत जाते. तोडायची परवानगी २००७मध्ये मिळाली. त्या बोटीच्या नाकाचं टोक मात्र कापून वाचवलं, आणि २०१८मध्ये ते ल हाव्र बंदरात परतलं.

प्रश्न : अमेरिकेत लाँग बीचला 'क्वीन मेरी' हॉटेल होऊन उभी आहे. मुंबईत अशी एखादी बोट का नाही?
– एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : कारण बोट ठेवायला दरवर्षी पैसा लागतो, आणि खारं पाणी एक दिवसही सुट्टी घेत नाही. 'क्वीन मेरी' १९६७पासून तिथे आहे, तरी २०२०मध्ये ती बंद पडली आणि दुरुस्त्या करून २०२३मध्ये उघडली. 'क्वीन एलिझाबेथ २' दुबईत हॉटेल म्हणून टिकली आहे. १९५२मध्ये अटलांटिक ओलांडण्याचा विक्रम करणारी 'युनायटेड स्टेट्स' मात्र १९९६पासून फिलाडेल्फियाच्या धक्क्याला गंजत होती. २०२५मध्ये तिला तिथून हलवलं; फ्लोरिडाजवळ तळाशी बुडवून माशांना आसरा करायचं ठरलं.

आपल्याकडे 'विक्रांत' होती. ती लढाऊ नौका, पण मुंबईच्या दारात उभी होती. १९९७मध्ये निवृत्त झाल्यावर तिचं संग्रहालय केलं, मी मुलीला घेऊन गेलो होतो. ते २०१२मध्ये बंद झालं, आणि २०१४मध्ये मुंबईच्या दारूखाना भागात तिची तोडणी सुरू झाली. रे रोडच्या पुलावरून ती दिशा मी आजही टाळतो. एवढ्या मोठ्या शहराला एक नौका ठेवता आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न : बोटीचं जुनं सामान विकत घ्यायचं असेल तर?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चोरबाजारात मटन स्ट्रीटला पितळी दिवे, पोर्टहोल (बोटीच्या गोल खिडक्या) मिळतात. पण बरेच नवे घडवून जुने केलेले असतात. वजन हातात घेऊन पाहा, आणि आतल्या बाजूला कातरलेला पत्रा किंवा रंगाचे थर दिसतात का ते बघा. पाइपावरचं जुनं पांढरं वेष्टण असलेली वस्तू कितीही आवडली तरी घरी आणू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं.

आणि गिरगावच्या ताई, ते मेन्यूकार्ड लॅमिनेट करू नका, चिकटपट्टीही लावू नका. दोन आम्लरहित कागदांमध्ये सपाट ठेवा, ऊन लागू देऊ नका. आजोबांचं नाव, सफरीची तारीख आणि बोटीची दोन्ही नंतरची नावं वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा.