घनदाट जंगलाखालचं जुनं शहर न खोदता कसं सापडतं?

लायडारमुळे, म्हणजे हवेतून लेझर सोडून जमिनीची उंची मोजण्याच्या तंत्रामुळे. कंबोडियातलं ख्मेर राजांचं जुनं राजधानीचं ठिकाण अंगकोर हे याचं फार सुंदर उदाहरण. २०१२ मध्ये तिथे हेलिकॉप्टरमधून सुमारे ३७० चौरस किलोमीटर भागावर लेझरचे झोत सोडले. बहुतेक किरण पानांवरूनच परततात, पण काही फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. परत यायला लागलेल्या वेळेवरून उंची कळते. संगणकावर झाडांचे बिंदू वगळले की उघडी जमीन दिसते.

अंगकोरजवळच्या कुलेन डोंगरावर अशीच महेंद्रपर्वत नगराची आखणी उमटली: सरळ रस्ते, बांध, टेकाडं. ख्मेर राजा दुसऱ्या जयवर्मनची ही राजधानी शिलालेखांतून ठाऊक होती, काही मंदिरंही माहीत होती. शहर मात्र झाडीत हरवलं होतं.

पण नकाशा आकार दाखवतो, काळ नाही. त्यासाठी जागेवर जाऊन खोदावंच लागतं, आणि कुलेनवर तर भूसुरुंगांपासूनही जपावं लागतं.