घरच्या घरी प्रकाशाचे प्रयोग: आधी सूर्य मोजा

तुम्ही विचारलंय की मुलगी सातवीत, मुलगा चौथीत, उन्हाळ्याची सुट्टी लागलीय, तर घरी प्रकाशाचे कोणते प्रयोग करता येतील आणि त्यासाठी किट मागवावं का. मी अमळनेर तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. किट मागवू नका. आरसा, परात, टॉर्च आणि मोजपट्टी घरात असतेच, आणि खानदेशातलं ऊन दाराशी आहे.

सुरुवात सूर्यापासून करा. पत्र्याच्या घरात दुपारी खिळ्याच्या भोकांतून जमिनीवर कवडसे पडतात, ते पाहिले असतील. भोक वाकडंतिकडं असलं तरी कवडसा गोलच. वर्गातल्या एका पोराने मला विचारलं होतं, "सर, भोक ते तिकोनं शे, मंग उजेड गोल कसा पडना?" फार चांगला प्रश्न आहे हा. तो गोल भोकाचा नसतोच, सूर्याचा असतो. सूर्याच्या वरच्या कडेचे किरण भोकातून सरळ येऊन खाली पडतात, खालच्या कडेचे वर, आणि जमिनीवर सूर्याचं उलटं चित्र उमटतं.

घर स्लॅबचं असेल तर छोट्या आरशावर जाड कागद चिकटवा आणि कागदाला मधोमध साधारण अर्धा सेंटीमीटरचं भोक पाडा. एकाने अंगणात उन्हात उभं राहून तो उजेड दारातून अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर सोडायचा. हात हलतो, म्हणून आरसा विटेला टेकवून ठेवलेला बरा. आरसा ते भिंत अंतर दहा मीटर ठेवलंत तर भिंतीवर नऊ-साडेनऊ सेंटीमीटरची चकती पडेल. कडा जराशी पुसट असते, त्या पुसट पट्ट्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मापा. आता मुलीला हिशोब करू द्या: चकतीची रुंदी भागिले अंतर, गुणिले सूर्याचं आपल्यापासूनचं अंतर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर. उत्तर १४ लाख किलोमीटरच्या आसपास येतं, आणि सूर्याचा व्यास खरोखरच सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर आहे. मोजपट्टीने घरात बसून सूर्य मोजता येतो हे एकदा कळलं की मुलं पुढचे प्रयोग स्वतःच मागतात. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. त्या दिवशी आभाळ मोकळं असलं तर हीच चकती कडेला चावा घेतलेल्या भाकरीसारखी दिसेल.

धाकट्यासाठी परातीचा प्रयोग. सकाळी आठ-नऊला, ऊन तिरपं असताना, परातीत पाणी घाला, त्यात आरसा तिरका टेकवा आणि उजेड सावलीतल्या पांढऱ्या भिंतीवर पाडा. आरसा थोडा पुढे-मागे केला की लालपासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा सापडतो. मग पाण्यात बोट फिरवायला सांगा: रंग एकमेकांत मिसळून पांढरट उजेड थरथरतो, आणि पाणी स्थिर होताच रंग पुन्हा वेगळे होतात. पांढऱ्या उजेडात सगळे रंग आहेत, हे यापेक्षा चांगलं समजावणं मला तरी माहीत नाही.

रात्री दुधाचा प्रयोग करा. काचेच्या उंच ग्लासात पाणी, त्यात दुधाचे चार-पाच थेंब. खोलीत अंधार करून टॉर्च एका बाजूने लावा. बाजूने पाहिलं तर पाणी किंचित निळसर, आणि समोरून, ग्लासातून टॉर्चकडे पाहिलं तर उजेड पिवळट-नारिंगी. दुधाचे बारीक कण निळा रंग जास्त विखुरतात, उरलेला सरळ येतो. आभाळ निळं आणि मावळतीचा सूर्य तांबडा का, ते इथे कळतं. दूध जास्त झालं तर काहीच दिसत नाही, थेंब मोजूनच घाला. सातवीतल्या मुलीला हेही सांगा: १९२१ साली जहाजाने परतताना सी. व्ही. रामन यांना समुद्राच्या निळ्या रंगाचं कोडं पडलं, आणि विखुरणाऱ्या प्रकाशाच्या अभ्यासातून २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला. आपला विज्ञान दिन त्याचाच.

वाटीतलं नाणं पाणी ओतल्यावर वर उचललेलं दिसतं, तो प्रयोग पाठ्यपुस्तकात आहेच, पाच मिनिटांत होतो.

दोन गोष्टी कडकपणे पाळा. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, आरशातूनही नाही, आणि कुणाच्या डोळ्यांवर आरशाचा उजेड मारायचा नाही. जत्रेत मिळणारे लेझर मुलांच्या हाती देऊ नका. भिंगाने कागद जाळायचा तर तुम्ही जवळ हवे, आणि घरात कापूस किंवा कडबा रचलेला असेल तर भिंग बाहेर काढूच नका.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य एक दिवस बरोबर डोक्यावर येतो. त्या आठवड्यात रोज साडेबाराच्या सुमारास अंगणात सपाट जागी एक उभी बाटली ठेवा आणि सावली सर्वात लहान होईल तेव्हा तिच्या टोकाला खडूने खूण करा. सावली कोणत्या दिवशी नाहीशी होते, ते मुलांनाच शोधू द्या.