जळगावात पगार पुण्यापेक्षा कमी, मग घरं एवढी महाग का?
विटा-सिमेंटपेक्षा जमीन महाग आहे भाऊ. शेतं भरपूर दिसतात, पण बिगरशेती परवानगी, मंजूर ले-आउट, रस्ता, गटार, पाणी असलेला प्लॉट थोडाच. त्यात रावेर-यावलचा केळीचा पैसा असो की पुण्यात नोकरीला गेलेल्या पोराचा, सोनं घेऊन उरला की पिंप्राळ्याकडच्या प्लॉटमध्येच जातो. मग त्यावर वर्षानुवर्षं बाभळी उगवतात. मालकाला विकायची घाई नाही, म्हणून भावही उतरत नाही. गिरणा नदीच्या वाळूचा लिलाव अडकला की वाळूच्या ब्रासचा (100 घनफुटांचा) भाव चढतो, ते वेगळंच.

वर महापालिका हद्दीत 6 टक्के मुद्रांक शुल्क आणि 1 टक्का नोंदणी फी, कमाल 30,000 रुपये. घर बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सवलत मिळते. तेवढी तरी सोडू नका.