बाबा ‘डिस्टंट’ आहेत म्हणजे नक्की काय?

प्रश्न : स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये मी "माय हाऊस इज फाइव्ह किलोमीटर्स फार फ्रॉम द स्टेशन" असं म्हणालो तर मॅडमनी लगेच थांबवलं. ‘फार’ म्हणजे लांबच ना, मग चुकलं कुठे? – एक वाचक, लातूर

उत्तर : अर्थ बरोबर आहे, जागा चुकली. आकडा सांगितला की ‘फार’ चालत नाही, ‘अवे’ लागतं. फाइव्ह किलोमीटर्स अवे, टेन मिनिट्स अवे. मराठीत आपण ‘पाच किलोमीटर लांब’ बिनधास्त म्हणतो आणि तेच उचलून इंग्रजीत ठेवतो, म्हणून ही चूक इतकी पसरलीय की चांगली शिकलेली मुलंसुद्धा इंटरव्ह्यूला करतात. ‘फार’ प्रश्नात आणि नकारात मस्त बसतं, "इज इट फार?", "नो, इट्स नॉट फार". पण नुसतं "लांब आहे हो" सांगायचं असेल तर बोलताना "इट्स अ लाँग वे" म्हणतात. ‘टू फार’ चालतं.

जवळचं पण सांगून टाकते कारण तिथे उच्चाराची गडबड होते. बंद करणं या अर्थाचं क्रियापद ‘क्लोज’, पण जवळचा म्हणताना शेवटी स येतो, ‘क्लोस’. आपण दोन्हीकडे ज लावतो. स्टेशनजवळ म्हणायला ‘नियर द स्टेशन’ किंवा ‘क्लोस टू द स्टेशन’ दोन्ही ठीक, फक्त दुसऱ्यात ‘टू’ विसरू नका. मनाने जवळचा असेल तर मात्र ‘क्लोस’च. जवळच्या मित्राला ‘नियर फ्रेंड’ कोणी म्हणत नाही, ‘नियर अँड डिअर’ ही ठरलेली जोडी आहे तेवढीच.

प्रश्न : माझी भाची अमेरिकेतच वाढलीय, आता कॉलेजला आहे. मागे फोनवर बोलता बोलता ती तिच्या बाबांबद्दल, म्हणजे माझ्या भावाबद्दल, "ही इज डिस्टंट" असं म्हणाली आणि ते त्याने ऐकलं. तो फार दुखावलाय, म्हणतो मी हिला रोज गाडीने कॉलेजला सोडतो, फी भरतो, मी दूर कुठे गेलोय? ती नक्की काय म्हणाली? आणि डिस्टंट, अलूफ, डिटॅच्ड, एस्ट्रेंज्ड हे सगळं एकच का? – एक आत्या, नाशिक

उत्तर : ताई, एकच अजिबात नाही, आणि तुमच्या भाचीने यातला बराच सौम्य शब्द वापरलाय हे आधी भावाला सांगा.

माणसाला ‘डिस्टंट’ म्हणतात तेव्हा तो प्रेम करत नाही असं त्यात नसतं. प्रेम नाहीच असं म्हणायचं असतं तर ‘कोल्ड’ म्हणाली असती. ‘डिस्टंट’ म्हणजे समोर आहे, सगळं करतो, पण मनापर्यंत पोचता येत नाही, आत काय चाललंय ते कळत नाही. आपण "हल्ली जरा तुटक वागतात" म्हणतो त्याच्या आसपासचं, फक्त तुटकमध्ये थोडा राग असतो आणि ‘डिस्टंट’मध्ये बहुतेक वेळा ओढ असते. ज्याच्या जवळ जायचंय तोच लांब वाटतो ना? एकोणीस-वीस वर्षांची मुलगी हे बोलतेय म्हणजे तिला बाबा हवेत, मी तरी असंच वाचते.

भावाची गाडीची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एडवर्ड टी. हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात माणसामाणसातलं अंतर मोजून त्याचे चार भाग केले होते, १८ इंचांपर्यंत ‘इंटिमेट’, तिथून ४ फुटांपर्यंत ‘पर्सनल’, ४ ते १२ फूट ‘सोशल’ आणि त्याच्या पुढे ‘पब्लिक’. ही मापं त्याने तिथल्या मध्यमवर्गीय लोकांना बघून काढली, सगळ्या जगाला लागू नाहीत हे तो स्वतःच सांगायचा. पण गाडीत पुढच्या दोन सीटवर बसलेले बापलेक या मोजमापात रोज ‘पर्सनल’च्या आतच असतात, आणि तरी मुलीला जे अंतर वाटतंय ते फुटांत मोजायचं नाहीच. भाऊ शरीराचं अंतर सांगतोय, ती मनाचं, आणि इंग्रजीत दोन्हीला ‘डिस्टन्स’च म्हणतात म्हणून तो "मी कुठे दूर गेलो" विचारतोय. मराठीत निदान ‘अंतर’ आणि ‘दुरावा’ वेगळे आहेत.

आता बाकीचे शब्द. ‘अलूफ’ हा मुळात जहाजावरचा. वाऱ्याने जहाज किनाऱ्याकडे ढकललं जाऊ नये म्हणून त्याचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं, त्या हुकुमातून आलाय. म्हणून त्यात मुद्दाम लांब राहणं आहे. आपलं फटकून वागणं, चार हात लांब राहणं. घरातल्या माणसाला ‘अलूफ’ म्हटलं की त्यात थोडा दोष येतोच.

‘डिटॅच्ड’ कोणाबद्दल वापरता यावर सगळं आहे. न्यायाधीश किंवा सर्जन डिटॅच्ड असेल तर ते कौतुक. गीतेच्या इंग्रजी भाषांतरांत अनासक्तीसाठी ‘डिटॅचमेंट’ सर्रास येतं, तिथे तर ती साधना आहे. पण हाच शब्द मुलीने बापाबद्दल वापरला तर तो लागतो, कारण बापाकडून कोणी अनासक्ती मागत नाही.

आणि ‘एस्ट्रेंज्ड’ कृपा करून जपून वापरा. ‘स्ट्रेंजर’ त्याच घरातला आहे, म्हणजे आधी आपला होता आणि आता परका झाला. इंग्रजी पेपरात ‘एस्ट्रेंज्ड वाइफ’ येतं तिथे नवरा-बायको वेगळे राहत असतात, घटस्फोट झालेला असेलच असं नाही. बोलणंचालणं बंद, येणंजाणं बंद, अशा भावाबहिणींसाठीही वापरतात. ज्या घरात बाप रोज मुलीला कॉलेजला सोडतो तिथे हा शब्द येतच नाही.

भावाला उत्तर द्यायचं असेल तर "आय डू सो मच फॉर यू" ने सुरुवात करू नको म्हणावं, त्याने केलेलं तिने नाकारलेलंच नाही. "आय वॉन्ट अस टू बी क्लोसर" एवढं म्हटलं तरी पुरे, आणि मराठीत म्हटलं तर अजून बरं, मुलीला मराठी कळत असणारच.

प्रश्न : मुलीच्या निबंधात कोरोनाबद्दल परिच्छेद आहे. ‘सोशल डिस्टन्सिंग’ लिहायचं की ‘फिजिकल’? – एक पालक, चिपळूण

उत्तर : ‘फिजिकल’. मार्च २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने हा शब्द वापरायला सुरुवात केली, कारण लांब उभं राहायचं होतं, माणसं तोडायची नव्हती, फोनवर बोलत राहा असंच ते सांगत होते. आपल्याकडे तर ‘सोशल डिस्टन्सिंग’वर आणखी एक आक्षेप होता आणि तो मला शंभर टक्के पटतो, जातीमुळे ज्यांना पिढ्यानपिढ्या गावाबाहेर ठेवलं गेलं त्यांच्या कानाला ‘सामाजिक अंतर पाळा’ हे कसं वाटत असेल याचा विचारच झाला नव्हता. मराठीत ‘सुरक्षित अंतर’ लिहा, अर्थ नेमका पोचतो.