कुजबुज ऐकली की डोक्यात झिणझिण्या येतात. याला काही नाव आहे का?

कुणी शेजारी बसून हळू आवाजात बोलत पानं उलटू लागलं की डोक्यापासून मानेपर्यंत गोड झिणझिण्या येतात, आणि नेटवर शोधताना 'अमुकफिलिया' असा शब्द दिसल्यापासून तुम्ही धास्तावलाय, असं प्रश्नात लिहिलंय.

आधी त्या शब्दाची भीती सोडा. ग्रीकमध्ये फिलिया म्हणजे ओढ, स्नेह. पुस्तकवेडा बिब्लिओफाइल असतो, त्यात रोग काही नाही. हिमोफिलिया मात्र रोग आहे, पण त्यात रक्ताची आवड कुणालाच नसते! नुसत्या शेपटावरून काही ठरत नाही.

तुम्ही सांगताय त्याला एएसएमआर म्हणतात. मलाही होतं. शाळेत बाकावरची मैत्रीण माझ्या वहीत गणित सोडवून दाखवायची, तेव्हा पेन्सिलीच्या खरखरीत मी गुंग व्हायचे. कळलेलं असूनही "परत सांग ना" म्हणायचे. हे कुणापाशी बोलले नाही. बोलणार तरी काय, शब्दच नव्हता. तो २०१० साली स्वतः हेच अनुभवणाऱ्या अमेरिकेतल्या जेनिफर अ‍ॅलन यांनी घडवला: ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स. भारदस्त वाटतो ना? मुद्दामच तसा केलाय, लोकांना न लाजता बोलता यावं म्हणून. हे आजाराचं निदान नव्हे.

हे लैंगिक तर नाही ना, अशी जी शंका मनात आहे (बहुतेकांच्या असते) तिच्याबद्दलही सांगते. नेटवर अशी कुजबुज, खरखर ऐकवणारे एएसएमआर व्हिडिओ असतात. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या स्वान्सी विद्यापीठातल्या संशोधकांनी ते पाहणाऱ्या ४७५ जणांना विचारलं. ८२ टक्के झोप यावी म्हणून पाहत होते, लैंगिक सुखासाठी ५ टक्के. २०१८ मध्ये तिथल्याच शेफील्ड विद्यापीठाच्या प्रयोगात असे व्हिडिओ पाहताना झिणझिण्या येणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी तीनाने उतरले. म्हणजे शरीर निवांत होतं.

मराठी शब्द तर आणखी लबाड. छंद, नाद, वेड, खूळ, चस्का: कुठला वापरायचा हे बोलणारा ठरवतो. स्वतःचा असतो तो छंद, पोराला लागतो तो नाद. तुमच्या बाबतीत मात्र 'नाद' दोन्ही अर्थांनी चपखल बसतो.

काही आवाजांनी उलट चीडही येते का, तेही बघा. मला कुजबुज हवीहवीशी, पण शेजारी कुणी मचमच करत जेवू लागलं की ताट उचलून उठावंसं वाटतं. त्याचं नाव मिसोफोनिया. घरात सगळ्यांना सांगून झालंय. मचमच चालूच आहे.